पित्त: शून्य

६ फेब्रुवारी

मशीनची नोंदवही मी दर अर्ध्या तासाला भरतो. तापमान, दाब, प्रवाह, लॅक्टेट, पित्त. अकरा वर्षांत एक रकाना रिकामा सोडलेला नाही. पण 'आज भीती वाटली' असं लिहायला त्या वहीत रकाना नाही, म्हणून ही दुसरी. ही ताईने दिली. तिच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणलेली होती. पहिल्या चार पानांवर कुणाकुणाची छाती, कंबर, बाही आहे. "मला आता कुणाची मापं घ्यायचीत?" म्हणाली आणि हसली. तिने मनाची तयारी केलेली दिसते. तिच्या जागी मी असतो तर भिंतीवर डोकं आपटलं असतं.

ताई तीन मजले वर, वॉर्डात आहे. दारूचा थेंब न पिता तिचं लिव्हर चपलेच्या तळव्यासारखं झालंय. यादीत नाव आहे. तिच्या रक्तगटाच्या लोकांत ती पहिली आहे. आणि मी खाली तळमजल्यावर, दुसऱ्या कुठल्याही सर्जनने घ्यायला नकार दिलेली लिव्हर माणसात आणायचा प्रयत्न करतो. कुणी गेल्यावर घरच्यांनी दान केलेलं, पण फार चरबी धरलेलं किंवा बर्फात फार वेळ राहिलेलं. ते पेटीत ठेवायचं, शरीराइतकं गरम करायचं, त्यातून प्राणवायू भरलेलं रक्त फिरवायचं आणि वाट बघायची. शुद्धीवर आलं तर यादीतल्या कुणाला तरी मिळतं. अकरा वर्षांतली पहिली दहा मी हृदयाच्या मशीनवर होतो, हे लिव्हरचं गेल्या वर्षी आलं; त्यावर आजवर नऊ लावली. दोन माणसांच्या पोटात गेली, सात बादलीत.

१० फेब्रुवारी

दहावं लावलं. गट ए. आठव्या तासाला दगड झालं, बंद केलं.

इथे खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. पेटी आली की मी आधी गटाचं अक्षर बघतो. बी नसला की माझा चेहरा पडतो. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं, आणि मी चिठ्ठीवरच्या अक्षरासाठी तोंड वाकडं करतो. लिव्हर कुणाला द्यायचं ते यादी ठरवते, मी नाही. माझी बहीण यादीत आहे हे मॅडमना (आमच्या सर्जन) पहिल्याच दिवशी सांगितलंय. त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त नळ्या सांभाळा." नळ्या सांभाळण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

आज ताईचे अकरा फोन. चष्म्याचं घर सापडत नाही. खिडकी लावू का? तू जेवलास का? शेजारच्या पलंगावरची बाई कुठे गेली, तुला काही कळलं का? (मला कळलं होतं. मी म्हटलं, घरी गेली असेल.) वॉर्डात बेल आहे, नर्स आहे, भावोजी सकाळपासून खुर्चीला चिकटून असतात. तरी फोन मलाच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ती पंधराची. तेव्हापासून माझ्यावर हुकूम सोडायची तिला सवय आहे. त्रेचाळीस वर्षांचा झालो तरी तिचा 'बारक्या'च.

संध्याकाळी वर गेलो तेव्हा तिच्या पोटातलं पाणी काढत होते. चार लिटर निघालं. "बघ, किती हलकी झाले," म्हणाली. "आता तुझ्या त्या बरणीतलं लिव्हर बसवायला जागाच जागा."

नर्स सांगत होती की ती रात्री दिवा बंद करू देत नाही. ताईला पहिल्यापासून उजेड लागतो, शिवणाऱ्या बाईला लागणारच.

१९ फेब्रुवारी

सकाळी साडेनऊला पेटी आली. गट बी. लहानखुरं. ताईच्याच अंगाचं. चिठ्ठी मी तीनदा वाचली.

लोण्यासारखं पिवळट, कडा गोल सुजलेल्या. तीन ठिकाणी नाकारलेलं. शिरा जोडल्या, धमनी जोडली, पित्ताच्या वाहिनीत बारीक नळी घातली. ती नळी पेटीच्या कडेवरून, झाकायच्या पांढऱ्या चादरीखालून, खालच्या मापाच्या बाटलीत उतरते. लिव्हर जिवंत झालं की त्या बाटलीत पित्त ठिबकायला लागतं. पहिल्या तासाभराचं पाणी धुवणाचं असतं, ते फेकायचं आणि नवी बाटली लावायची. बाटली बदलेपर्यंत नळीवर निळा क्लॅम्प दाबून ठेवायचा, म्हणजे सांडत नाही. हे मी झोपेतसुद्धा करीन.

सव्वाअकराला बाटली बदलत असतानाच खिशात फोन. ताई. तिच्या चपला पलंगाखाली सरकल्या होत्या.

"भावोजींना सांग ना."

"ते चहा आणायला गेलेत."

"ताई, हातात काम आहे गं."

"आज आलंय का रे काही? कोणता गट?"

मी सांगायला नको होतं. "तुझा," म्हटलं.

पलीकडून पलंगाची करकर ऐकू आली. मग म्हणाली, "बरं, बरं. कर तू तुझं काम. चपला मी बघते."

फोन खिशात टाकला, नवी बाटली लावली, चादर सारखी केली, वेळ नोंदली.

मग जे झालं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. लॅक्टेट, म्हणजे रक्तात साचणारं आम्ल, बारा होतं. दुपारी एकला सहा, तीनला अडीच, चारला एक पूर्णांक सात. लिव्हर जिवंत असेल तरच ते लॅक्टेट खाऊन टाकतं. रंग पालटला. पिवळट होतं ते तपकिरी झालं, कडा धारदार झाल्या. माझा जोडीदार, ज्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो, तो स्वतःची पाळी नसताना येऊन बघून गेला.

फक्त पित्त नाही. एक थेंब नाही. आमचा नियम असा की सहा तासांत पित्त आलं नाही तर बंद करायचं. पित्त न करणारं लिव्हर माणसात घालणं म्हणजे माणूस मारणं. इन्सुलिन बघितलं, क्षार बघितले, तापमान पाव अंशाने वाढवलं. पाचला मॅडम खाली आल्या.

"नळी बघितलीत?"

"बघितली."

"नीट?"

"मॅडम, नळी मी लावलीय," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं.

त्यांनी नियमावर एक तास वाढवून दिला. सव्वासहाला बंद केलं. नमुने कापले, उरलेलं सातच्या कचऱ्याच्या गाडीने गेलं. कुठे माशी शिंकली, देव जाणे. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण इथे कर्म कुणाचं ते तरी कळू दे. वर गेलोच नाही. फोन बंद करून ठेवला.

२० फेब्रुवारी

काल नळ्या काढायला हात उठला नव्हता, तशाच ठेवून गेलो होतो. आज सकाळी काढायला घेतल्या.

चादर उचलली. पेटीच्या कडेखाली, घडीत, निळा क्लॅम्प. लावलेला.

मी तो काढला आणि नळीतून गर्द हिरवं, सोनेरी झाक असलेलं, दाट पित्त माझ्या हातमोज्यावर आलं. असं पित्त फक्त ठणठणीत लिव्हर करतं. मोजायला नको होतं. मोजलं. सात मिली. मागे अडकलेलं आणखी किती असेल ते लिव्हरबरोबर गेलं.

सव्वाअकराला लावला होता. काढलाच नाही.

काल सगळं जग तपासलं. इन्सुलिन, क्षार, तापमान. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर म्हटलं नळी मी लावलीय.

नळी धुतली. क्लॅम्प धुऊन बाकीच्या क्लॅम्पांत टाकला. आता तो कुठला ते मलाही ओळखता येणार नाही. वहीत माझ्याच अक्षरात चौदा वेळा लिहिलंय. पित्त: शून्य. ते खोटं नाही. बाटलीत शून्यच होतं.

२१ फेब्रुवारी

काही नाही.

२४ फेब्रुवारी

ताईला सांगितलं की ते मुळातच खराब होतं.

"तरी तू म्हणालास माझा गट."

"गट तुझा होता. माल खराब होता."

"कापडच सडकं असेल तर शिंपी काय करणार," म्हणाली. मग भावोजींना म्हणाली, "बघा, माझ्या नशिबात सेलचाच माल." भावोजी हसले, मीही हसलो. तिने विषय बदलला. तासाभराने, मी निघताना, पुन्हा तोच विषय काढला. कुठे खराब होतं? किती खराब होतं? थोडं खराब असतं तर चाललं असतं का? मी म्हटलं, ताई, नाही गं. एकदा मनासारखं कळलं की तिचं समाधान होतं, हे एक बरं आहे.

२ मार्च

महिन्याची बैठक. मॅडमनी एकोणीस तारखेचा आलेख पडद्यावर लावला. लॅक्टेटची रेघ कशी सुंदर उतरते आणि खाली पित्ताची रेघ कशी सपाट. त्या म्हणाल्या, चरबीची लिव्हर रक्ताच्या आकड्यांनी आपल्याला फसवतात, हे या केसने शिकवलं. यापुढे लॅक्टेटवर विसंबायचं नाही. चार तासांत पित्त नाही तर बंद. म्हणजे मशीन पुढच्यासाठी मोकळं राहील.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं. माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त लिव्हर गेली आहेत म्हणून.

मी म्हटलं, बरोबर आहे.

९ मार्च

गट ओ. घड्याळची पाळी होती. लॅक्टेट नऊवरून साडेतीनवर आलं होतं, पित्त नव्हतं. बरोबर चार तासांनी त्याने बंद केलं. नियम म्हणजे नियम. मी शेजारी उभा होतो. "अजून थोडं थांबू या का?" एवढं म्हटलं. तो म्हणाला, "एकोणिसाचं विसरलास का? तेव्हा सात तास थांबलो, काय मिळालं?"

क्लॅम्प मी स्वतः बघितला होता, उघडा होता. खरंच पित्त नव्हतं. पाचव्या तासाला आलं असतं का? सहाव्या? ते आता कुणालाच कळणार नाही. यादीत ओ गटाचे किती लोक आहेत तेही मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही.

१० मार्च

सांगितलं तर ताईला कळेल. नुसतं क्लॅम्पचं नाही, फोनचंही कळेल. सव्वाअकराला कोण बोलत होतं ते तिला बरोबर आठवेल. शिवणाऱ्या बाईच्या डोक्यात आकडे पक्के बसतात. ज्या लिव्हरवर ती जगली असती ते तिच्या स्वतःच्या चपलांपायी गेलं, हे ओझं मी तिच्यावर टाकू? आत्ता, या अवस्थेत?

मी तिच्यासाठी गप्प आहे. हे वाक्य चारदा लिहून खोडलं. पाचव्यांदा ठेवतो.

१५ मार्च

ताई आज मला ओळखेना. बाबा समजली. "बाबा, बारक्याची फी भरलीत ना?" म्हणत होती. दुपारी औषध दिल्यावर ठिकाणावर आली. मग माझ्या खांद्यावर बोटं ठेवून, एक वीत, दोन वीत, असं माप घेत राहिली. "बारीक झालास रे," म्हणाली. डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे झालेत.

वॉर्डच्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. आता आठवडे नाहीत, दिवस मोजायचे. भावोजी ऐकत नव्हते, पायातला बूट घालत-काढत होते.

यादीत तिचं नाव आहे, पण उद्या बी गट आला तरी तिला टेबलावर घेता येईल का, हे आता डॉक्टरही सांगत नाहीत.

१७ मार्च

मॅडमना सांगितलं. त्यांच्या खोलीत, उभ्यानेच. मी रडलो नाही, पण आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं? "किती मिली?"

"सात. नुसत्या नळीतलं."

त्यांनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "ती चादर मीही उचलली नाही." मग म्हणाल्या, "हे बैठकीत सांगावं लागेल, आणि तुम्हालाच. नियम खोट्यावर उभा आहे. नऊ तारखेचं लिव्हर आपण त्याच नियमाने फेकलं."

"हो."

"आणि बहिणीला बैठकीच्या आधी सांगा. इथे भिंतींनाही कान आहेत. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

१८ मार्च

सांगितलं.

भावोजींना खाली पाठवलं, चहाच्या निमित्ताने. ताई उशीला टेकून बसली होती, आज डोकं स्वच्छ होतं. मी ठरवून गेलो होतो की फोनचं बोलायचं नाही. म्हटलं, ते लिव्हर खराब नव्हतं. मी नळीवरचा क्लॅम्प काढायला विसरलो. पित्त आत अडकलं, आम्हाला वाटलं मेलं, आणि फेकलं.

"चांगलं होतं?"

"हो."

"माझ्या मापाचं?"

"हो."

"तू कसा विसरलास? तू नाही विसरत."

"झालं असंच."

ती माझ्याकडे बघत राहिली. "किती वाजता?"

"अकराच्या पुढे," मी पुटपुटलो. तिने बोटांवर हिशेब केला, ओठ हलत होते. मग तिचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघायला लागलो.

"मी फोन केला होता," ती म्हणाली.

"ताई, तुझी काही चूक नाही. चूक माझी आहे."

"तुझीच आहे," ती म्हणाली. "माझी कशाला असेल? मी घाबरले होते म्हणून केला फोन. रोज घाबरते म्हणूनच करते. पाणी काढायला सुई घालतात तेव्हा घाबरते, दिवा गेला की घाबरते. चपलांचं काय घेऊन बसलास?"

मी म्हटलं, "मला वाटलं तू तयारी केली आहेस. तू हसत होतीस."

"मग काय रडू? तुझ्यासमोर? यांच्यासमोर? यांना तर दोन वेळचं जेवायला मला बजावावं लागतं." तिला धाप लागली. थांबली. मग आवाज एकदम बारीक झाला. "मला जगायचं होतं रे, बारक्या. मी बावन्न वर्षांची आहे. मला जगायचं होतं."

भावोजी तीन कप घेऊन आले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. "त्याला जायला सांगा," म्हणाली.

१९ मार्च

फोन नाही.

२० मार्च

फोन नाही. मशीनपाशी खिशात हात घालून घालून बघतो. भावोजींना तिने सगळं सांगितलंय. वर गेलो तर झोपल्याचं सोंग. लहानपणी तिने मला ते शिकवलं होतं, बाबा चिडले की असं करायचं म्हणून. त्यामुळे मला ओळखू येतं.

२२ मार्च

बैठकीत सांगितलं. घड्याळ खाली मान घालून पेनचं टोपण उघडत-मिटत होता. नऊ तारखेचं त्याच्या हातून बंद झालं होतं.

पुन्हा सहा तासांचा नियम झाला. दर तासाला चादर उचलायची, दोघांनी मिळून नळी वाहिनीपासून बाटलीपर्यंत बोटाने तपासायची आणि मोठ्याने बोलायचं, 'उघडी'. पाळीवर असताना फोन बाहेरच्या कपाटात. मला काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, आता ही चूक तुमच्याकडून पुन्हा होणार नाही, म्हणून तुम्हीच हवेत. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

२५ मार्च

गट ए. मोठं, जड, चरबीने भरलेलं. चार तासांत पित्त नाही. पाच तासांत नाही. "उघडी," घड्याळ म्हणाला. "उघडी," मी म्हणालो. पाच तास चाळीस मिनिटांनी पहिला थेंब आला, मग दुसरा, मग धार. गेल्या आठवड्यात हे बादलीत असतं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. आज रात्री ते एका बसचालकाच्या पोटात जाईल. त्याच्या बायकोने आमच्या खोलीच्या दारातून आत बघितलं आणि कुणाला हात जोडायचे ते न कळून मशीनलाच हात जोडले.

मी वर धावत गेलो. का गेलो, काय अपेक्षा होती, मला माहीत नाही. भावोजी म्हणाले, "अगं, ऐक ना, तो काय सांगतोय." मी सांगितलं. पाच तास चाळीस मिनिटं, ताई, मग आलं.

ती जागी होती. भिंतीकडे बघत म्हणाली, "कोणता गट?"

"ए."

अठरा तारखेनंतर माझ्याशी बोललेले हे दोनच शब्द.

२८ मार्च

बसचालकाचं ऑपरेशन नीट झालं. लिव्हर त्याच्या पोटात पित्त करतंय.

ताईचं नाव आज यादीतून काढलं. टेबलावर घेण्याच्या पलीकडे गेली आहे. कागदावर भावोजींची सही हवी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करा.

३१ मार्च

ताई काल दुपारी गेली. तीन वाजून दहा मिनिटांनी.

आज घरी माणसं येत होती. तिची जुनी गिऱ्हाइकं, शेजारी, वॉर्डातली नर्ससुद्धा आली. भावोजी दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "शेवटी भाऊच जवळ होता. त्याचा हात हातात घेतला, त्याला माफ केलं, आणि शांत गेली." लोक माझ्याकडे बघून मान डोलवत होते. मीही डोलवत होतो. घड्याळ आला होता, त्याचे डोळे भरून आले. "चल, तेवढं तरी झालं," म्हणाला.

भावोजी तेव्हा खाली औषध आणायला गेले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिचा हात धरला होता. तिने डोळे उघडले, मला बघितलं, पूर्ण ओळखून बघितलं, आणि हात सोडवून घेतला.